मधल्या दिवसांतील रक्तस्राव आणि ‘पिशवी काढण्याची’ घाई
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा आहे, माझा नव्हे. तथापि नोंदणीची खिडकी आणि बिल विभाग यांच्यामध्ये बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीस काही गोष्टी पडतात. त्यांपैकी एक आज आपणांपुढे मांडतो.

दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्त दिसू लागले, तरी तरुण स्त्री ते सहसा कोणाला सांगत नाही. आपल्या मराठवाड्यात ‘अंगावरून जाते’ एवढ्याच शब्दांत पांढऱ्या पाण्यापासून रक्तस्रावापर्यंत सारे सामावते. सोबत सासरे किंवा दीर असले तर तेही शब्द ओठांवर येत नाहीत आणि केसपेपरवर ‘अशक्तपणा’ एवढीच तक्रार नोंदवली जाते.

आमचे डॉक्टर सांगतात की, या वयात अशा रक्तस्रावाची कारणे बहुधा उपचाराने बरी होणारी असतात. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सुरू केलेल्या असतात किंवा मध्येच चुकलेल्या असतात, तातडीची गोळी घेतलेली असते, तांबी बसवलेली असते. कधी जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखावर वाढलेला लहानसा कोंब किंवा थायरॉइडचा विकार निघतो. मात्र पहिली शंका गर्भधारणेची घ्यावयाची असते. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवाला धोका असतो. म्हणून लघवीची तपासणी सर्वांत आधी. पोटात तीव्र कळा, भोवळ किंवा तासाला एक पॅड भिजेल इतका स्राव असेल, तर सकाळची वाट न पाहता आणावे. अविवाहित मुलीची आतून तपासणी होईल या धास्तीने काही माता तिला आणतच नाहीत. त्यांना सांगावेसे वाटते की तिची सोनोग्राफी पोटावरूनच होते.

कर्करोगाची भीती अनाठायी नाही, परंतु तिचे उत्तर तपासणी हे आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने व बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे त्याच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. हे काम आपल्या शेजारच्या खेड्यांत झाले, याचा आपणांस अभिमान वाटावा.

आणि शेजारच्याच बीड जिल्ह्यात काय घडले? २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जी आकडेवारी आली, तीत ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांत तिशीच्या आतील स्त्रियाही होत्या. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य त्यांपैकी अनेकींनी ऐकले होते. त्याच्या जोडीला उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि खाडा झाला की मुकादम कापत असलेला दंड. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून अवयवच काढून टाकावा, हा हिशेब कोणत्याही वहीत बसणारा नव्हे. शस्त्रक्रियेत बीजकोशही गेले की ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. मग ऊस तोडण्याची ताकदही राहत नाही. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी आवश्यक झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणण्याचा आदेश दिला.

आता माझ्या विषयाकडे येतो, म्हणजे पैशाकडे. शस्त्रक्रिया झाली की ती जमेच्या बाजूस दिसते. टळलेल्या शस्त्रक्रियेसाठी ताळेबंदात रकानाच नाही. देणगीदारही शस्त्रक्रियागृहासाठी उदारपणे देतात, कारण तेथे नावाची पाटी लागते. (पाटी लावू नये, असे मी म्हणत नाही.) निर्धन रुग्ण निधीतून अत्यंत गरीब रुग्णांची सोय होते. अडते ती त्याच्या थोडी वरची स्त्री. गर्भधारणेची चाचणी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी यांचे पैसे एकदम भरावे लागतील हे कळताच ती ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणून परत फिरते, आणि पुढच्या महिन्यात कुठे जाते ते आपणांस कळत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे दोन प्रस्ताव ठेवत आहे. रक्तस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीच्या पहिल्या तपासण्यांचा खर्च भागवण्यासाठी स्वतंत्र निधी असावा व त्याचा हिशेब दरवर्षी याच अहवालात छापावा. दुसरा प्रस्ताव फारसा खर्चाचा नाही. नोंदणी खिडकीशेजारी पडदा लावून एक परिचारिका बसवावी, म्हणजे तक्रार काय आहे ते रुग्णाला तिच्या कानात सांगता येईल.