वाळू घेताना

आपलं वालचंदनगर नीरा नदीकाठचं, त्यामुळे बांधकाम म्हटलं की नदीची वाळू आठवणारच. पण आता ट्रॉलीतून येते ती बहुधा काळ्या पाषाणाची क्रश सँड. तिचे कण टोकदार, सिमेंटशी पकड चांगली. मात्र पाणी जास्त मागतात. गवंड्याने ते सढळ हाताने ओतलं की काँक्रीटची ताकद घटलीच! फार बारीक वाळूचंही तेच. नदीच्या वाळूत खरी डोकेदुखी गाळाची. तो सिमेंटला कणाशी चिकटू देत नाही. आयएस ३८३ या भारतीय मानकानुसार ७५ मायक्रॉनखालची भुकटी नैसर्गिक वाळूत वजनाने ३ टक्क्यांपर्यंतच चालते, क्रश सँडमध्ये १५. घरी तपासायचंय? काचेच्या बाटलीत वाळू, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा, ३ तास ठेवा. वर गाळाचा जाड थर दिसला, तर ट्रॉली सरळ परत पाठवा.