एका कार्बवरची राजदूत



संयोजकांनी बजावलं होतं, "कॉम्प्युटरचं काही नको, बाबांच्या गाडीचं सांग." दिघाशीत त्या गाडीचा आवाज न ऐकलेला माणूस विरळाच, त्यामुळे थेट विषयाला हात घालते.

ती राजदूत 350, म्हणजे जपानच्या यामाहा आरडी 350 ची भारतीय बहीण. एस्कॉर्ट्सने ती 1983 मध्ये बाजारात आणली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर आणि मॉडेलनुसार 27 ते 30 हॉर्सपॉवर. त्या काळची बुलेट 18 ची होती! पण राजदूत पेट्रोल इतकं प्यायची की लोक लांबूनच नमस्कार करायचे.

नववीत सरांनी दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारायला लावली होती. कागद लांब जाण्याऐवजी जवळ आले, कारण वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. कार्बोरेटर त्यावरच चालतो. अरुंद नळीतून हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं.

राजदूतला असे दोन कार्ब, प्रत्येक सिलिंडरला एक. दोन्ही एकाच क्षणी, सारखेच उघडले पाहिजेत. एक केबल जरा ढिली झाली की एक सिलिंडर ओढतो आणि दुसरा नुसता सोबत फिरतो. आमचे कार्ब झिजले होते, आणि ते जुळवणारे जुने मेकॅनिकही आता फारसे राहिले नाहीत. गाडी ताडपत्रीखाली गेली.

घरात दोन पक्ष पडले. दादा म्हणाला, "मूळ गाडीला किंमत आहे, हात लावू नका." मी म्हटलं, एकच कार्ब बसवू. शेवटी चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा म्हणाले, "मला ती अंबाडी नाक्यापर्यंत न्यायचीय, प्रदर्शनात नाही." विषय संपला.

एक कार्ब दोघांना पुरतो कसा? या इंजिनात एक पिस्टन वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. दोघं आळीपाळीने हवा ओढतात, म्हणून दुप्पट मोठा कार्ब लागत नाही. भिवंडीच्या एका टर्नरकडून ॲल्युमिनियमचा दोन फाट्यांचा मॅनिफोल्ड करून घेतला. दोन्ही फाटे सारख्याच लांबीचे, नाहीतर एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी.

खरी काळजी दोन ठिकाणी. पहिली जेटची. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल इंजिनाला थंडही ठेवतं. ते कमी पडलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून मोठ्या जेटपासून सुरुवात करून एकेक पायरी खाली उतरलो आणि दर वेळी प्लग काढून पाहिला. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, तपकिरी म्हणजे बरोबर.

दुसरी काळजी ऑइल पंपाची. मूळ ॲक्सिलरेटर केबलला तीन शाखा असतात, दोन कार्बना आणि एक पंपाला. नवी केबल टाकताना ही तिसरी विसरली, तर वेग वाढतो पण ऑइल वाढत नाही, आणि पिस्टन जाम होतो. काही जण पंप काढून टाकीतच ऑइल मिसळतात. आम्ही पंप ठेवला आणि त्याची खूण हँडलच्या हालचालीशी पुन्हा जुळवली.

फायदा-तोटा सरळ सांगते. आयडलिंग एका स्क्रूवर स्थिर झालं, किक लवकर लागते. वरच्या वेगातला तो जुना झटका मात्र गेला. ॲव्हरेज थोडं वाढलं, पण त्यात कार्बपेक्षा हळू चालवण्याचा वाटा मोठा!

इंजिनाला कुठेही वेल्डिंग नाही, काही कापलेलं नाही. आमच्या धंद्यात नवं टाकण्याआधी जुन्याची प्रत जपून ठेवतात. तसेच दोन्ही जुने कार्ब साफ करून, जेटचे नंबर लिहून डब्यात ठेवलेत. डबा दादाच्या ताब्यात आहे. उद्या त्याला वाटलं, तर एका दुपारी गाडी पुन्हा मूळ रूपात येईल.

तोवर बाबा दर रविवारी अंबाडीला जातात. सरांनी त्या दिवशी फुंकर मारायला लावली नसती, तर कार्ब उघडायचं धाडस मला झालं नसतं.