गजकर्ण आणि घरांतील मलमाची नळी

गजकर्ण, अथवा बोलीभाषेंतील नायटा, ही व्याधि जिवावर बेतणारी नव्हे. म्हणूनच तिच्यासाठीं डॉक्टरांकडे जाण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. शेजाऱ्यांनीं सुचविलेली मलमाची नळी घरांत असतेच. ती लावतांच दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते, आणि मलमाची कीर्ति आप्तेष्टांत पसरते.

घात होतो तो येथेंच. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड जातीचें द्रव्य असतें. दाह शमविणें हें त्याचें काम. इसब किंवा सोरायसिस यांत तज्ज्ञ तें योग्य प्रमाणांत देतातहि. परंतु गजकर्ण बुरशीपासून होतें, आणि लाली व खाज हीं शरीर त्या बुरशीशीं देत असलेल्या झुंजीचीं चिन्हें होत. स्टेरॉइड ती झुंज थांबवितें. बुरशी मात्र निर्धास्तपणें वाढत राहते. मलम सोडलें कीं रोग पुन्हा उसळतो, आणि त्याची ओळखीची कडाहि पुसट झालेली असते. या वेषांतर केलेल्या रोगाला १९६८ सालीं आयव्ह व मार्क्स यांनीं ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असें नांव दिलें. शिवाय जांघेंतील त्वचा पातळ होऊन जे चरे पडतात, ते कायमचेच.

मूळ गजकर्ण ओळखणें तितकेंसें कठीण नाहीं. चट्टा वाटोळा, कडा उंचावलेली व खवलेदार, मधला भाग निवळत चाललेला. गौर त्वचेवर कडा तांबडी दिसते, सांवळ्या त्वचेवर तपकिरी किंवा काळसर. परदेशी पुस्तकांतील चित्रांशीं ताडून पाहणारे येथें हटकून फसतात. शंका असल्यास कडेची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात; बुरशीचे तंतु स्पष्ट दिसतात. थोड्या मिनिटांची ही परीक्षा टाळून महिनोन्महिने मलमें चोळण्यांत कसली काटकसर?

उपचारांत चिकाटी हवी. बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर सुमारें २ सेंटिमीटरपर्यंत लावावें, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरहि २ आठवडे चालू ठेवावें. रोग फार पसरला किंवा उलटला असेल तर पोटांत औषध द्यावें लागतें. तेंहि डॉक्टरांनींच ठरवावें, कारण टर्बिनाफीनला न जुमानणारी बुरशी भारतांत आढळली आहे. घरांतील इतरांची तपासणी करून बाधितांचा उपचार एकाच वेळीं व्हावा, पंचे निराळे असावे.

त्वचेवर लावण्याचीं १४ स्टेरॉइडें २०१८ सालीं भारत सरकारनें चिठ्ठीवांचून न विकण्याच्या यादींत घातलीं. तरीहि डॉक्टरांकडे जातांना वापरलेल्या साऱ्या नळ्या बरोबर न्याव्या. चट्ट्याचें रूप कां पालटलें, हें पुष्कळदां त्यांवरील बारीक अक्षरांतच लिहिलेलें असतें.