सारवलेली जमीन आणि सरमेचें पिलूं

दिवेलागणीची वेळ असते. मालवण किनाऱ्यावरील एखाद्या चिरेबंदी घरांत आजीबाई तुळशीपुढें दिवा ठेवून माजघरांत येतात, तों त्यांचा पाय ओल्या जागीं पडतो. चार दिवसांपूर्वीं नातवानें छातीशीं धरून आणलेलें पिलूं कोपऱ्यांत शेपूट हलवीत उभें असतें. मग एकच गिल्ला होतो. कोणी केरसुणी उगारतो, कोणी पिलाची मान धरून त्याचें नाक त्या ओल्यांत घासतो. अशीं दोनचार प्रकरणें झालीं कीं एके रात्रीं पिलाला मासळीबाजाराच्या कडेला सोडून देण्यांत येतें, आणि सकाळीं नातवाला सांगण्यांत येतें कीं तें पळून गेलें.

महाभारताच्या आदिपर्वांत अशाच एका पिलाची गोष्ट आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचें दीर्घ सत्र चालूं असतां देवांची कुत्री सरमा हिचें पिलूं तेथें आलें. राजाच्या तिघां भावांनीं त्याला मारून हांकलून दिलें. तें रडत आईकडे गेलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नव्हतें, त्याला जीभ लावली नव्हती. तरी मार मिळाला. सरमेनें सत्रांत जाऊन जाब विचारला. कोणी उत्तर दिलें नाहीं. तेव्हां निरपराध पिलाला मारणाऱ्यांवर न दिसणारें भय ओढवेल, असा शाप तिनें दिला. घरोघरच्या पिलांच्या बाबतींत हा शाप मात्र उलटा फिरतो. भय मारणाऱ्याला न जडतां मार खाणाऱ्याला जडतें, आणि त्या भयामुळेंच घर पुन्हां पुन्हां ओलें होतें.

हें कसें घडतें, तें पाहण्यासारखें आहे. कुत्र्याच्या मनांत एखाद्या कृत्याचा आणि त्याच्या फळाचा संबंध जुळतो तो कांहीं क्षणांच्या अंतरानेंच. अर्ध्या घटकेनंतर मिळालेला मार त्याला पूर्वींच्या कृत्याशीं जोडतां येत नाहीं. समोर माणूस आला आणि दुखलें, एवढेंच त्याला कळतें. प्रत्यक्ष कृत्य चालूं असतां मारिलें, तर माणसादेखत लघवी करूं नये, हा धडा तें शिकतें. पुढें त्याला अंगणांत नेऊन कितीहि वेळ उभें राहिलें, तरी तें कांहीं करीत नाहीं. घरांत येतें आणि पलंगाखालीं जाऊन मोकळें होतें. मालक म्हणतो, पिलूं लबाड आहे. वास्तविक तें फार आज्ञाधारक असतें. फक्त त्याला आज्ञा भलतीच मिळालेली असते. दटावतांच जागच्या जागीं लघवी करणारें पिलूंहि हट्टी नसतें. ती भ्यालेल्या जीवाची शरणागति असते.

मालवणी मुलखांत कुत्रा हा पूर्वापार खळ्यांतला प्राणी. उंबऱ्याबाहेर जेवावें, माडाच्या बुंध्याशीं पाय वर करावा, रात्रीं पडवीच्या पायरीवर निजावें, असा त्याचा क्रम असे. त्याला घरची शिस्त लावण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आतां कुडाळ-कणकवलीच्या ब्लॉकांतच काय, पण खेड्यांतल्या घरांतहि पिलूं थेट बिछान्यापर्यंत येतें. त्याचें स्थान बदललें; पण त्याला नवें स्थान शिकविण्याची जबाबदारी कोणीं घेतली नाहीं.

ही जबाबदारी अवघड नाहीं, कारण निसर्गानें अर्धें काम केलेलें असतें. पहिले सुमारें तीन आठवडे आई पिलांना चाटून स्वच्छ ठेवते. पुढें पाय चालूं लागले कीं पिलें निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन मोकळीं होऊं लागतात. माणसानें ही ‘निजण्याची जागा’ सबंध घराएवढी वाढवावयाची असते. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसा दोनतीन तासांहून अधिक वेळ धरून ठेवणें कठीण जातें. म्हणून झोपेंतून उठतांच, खाल्ल्यानंतर पावएक तासाच्या आंत, खेळ संपतांच आणि रात्रीं निजण्यापूर्वीं त्याला उचलून ठराविक जागीं न्यावें. काम होतांच, तेथल्या तेथें, गोड शब्द आणि खाऊचा तुकडा द्यावा. घरांत परतल्यावर दिलेलें बक्षीस उशीराचें ठरतें. जमीन हुंगणें, गोल फिरणें, खेळ सोडून कोपरा गांठणें, या खुणा ओळखाव्या. आणि लक्ष ठेवणें शक्य नसेल तेव्हां त्याला सगळें घर मोकळें देऊं नये.

एवढें करूनहि चूक होणारच. चालूं असतां दिसली, तर हलकी टाळी वाजवून पिलाला उचलावें आणि बाहेर न्यावें. मागाहून दिसली, तर मुकाट्यानें पुसून टाकावी. प्रथम जुन्या सुती कापडानें ओल टिपून घ्यावी. घासल्यास ती पसरते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असल्यामुळें ओल खोल शिरते. तेथें पाण्यानें पुनःपुन्हां धुवून टिपावें आणि नंतर खाण्याचा सोडा भुरभुरावा, किंवा बाजारांत मिळणारें, वासाच्या मुळाशीं जाणारें विकरयुक्त द्रावण वापरावें. शेणानें सारवलेल्या जमिनीचा भिजलेला थर खरवडून काढावा आणि तेवढा तुकडा नव्यानें सारवावा. अमोनियाचीं द्रव्यें टाळावीं, कारण मूत्राचा वासहि त्याच जातीचा असल्यानें पिलाला तें आमंत्रणच होतें. फिनेलनें माणसाच्या नाकाचें समाधान होतें, कुत्र्याच्या नव्हे. शिवाय पिलूं ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटतें, आणि तें विषारी ठरूं शकतें.

येथें एक गंभीर गोष्ट ध्यानीं घ्यावयाची आहे. जर्मन वैद्य अॅडॉल्फ वाइल यानें १८८६ मध्यें ज्याच्या तीव्र स्वरूपाचें वर्णन केलें, तो लेप्टोस्पायरोसिस सिंधुदुर्गांत पावसाळ्यांत डोकें वर काढतो. त्याचे जंतु उंदीर, गुरें आणि कुत्रीं यांच्या मूत्रांतून बाहेर पडतात, ओल्या मातींत टिकून राहतात आणि त्वचेवरील जखमेंतून शरीरांत शिरतात. ज्या जमिनीवर घरांतलें मूल रांगतें, तेथील ओल म्हणूनच क्षुल्लक समजूं नये. हातमोजे घालून पुसावें, नंतर साबणानें हात धुवावे, आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानें पिलाला या रोगाची व पिसाळ रोगाची लस टोंचवावी, जंतांचें औषध द्यावें. शिकलेलें पिलूं एकाएकीं वारंवार चुकूं लागलें, तरीहि पशुवैद्याकडेच जावें. मूत्रमार्गाचा विकार शिक्षेनें बरा होत नाहीं.

उरतो तो पावसाचा प्रश्न. जिल्ह्यांत वर्षाकांठीं ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा धारेंत पिलूं पायरी उतरत नाहीं, आणि उतरलें तरी थरथरत माघारीं येतें. त्यासाठीं पडवीच्या कोपऱ्यांत एका पसरट खोक्यांत वाळू किंवा नारळाच्या सोडणांचा भुसा घालून ठेवावा आणि रोज तीच जागा दाखवावी. भिजलेला भुसा वरचेवर बदलावा. नारळी पौर्णिमेनंतर पावसाला उघडीप मिळूं लागली कीं तें खोकें रोज हातभर खळ्याकडे सरकवावें. शेवटीं खोकें उचलून घेतलें तरी पिलूं त्याच वाटेनें बाहेर जातें.

यास किती दिवस लागतील? बहुतेक पिलांस कांहीं आठवडे, कांहींना कांहीं महिने. तेवढ्या काळांत आजीबाईंचा पाय आणखी दोनचार वेळां ओल्यांत पडेल. त्या वेळीं केरसुणीऐवजीं कोणीं जुनें कापड हातीं घेतलें, तर पिलाला मासळीबाजाराची वाट दिसणार नाहीं, आणि नातवाशीं खोटें बोलण्याचा प्रसंग त्या घरावर येणार नाहीं.