ग्रंथांचे वाटप आणि पारनेर तालुका



राळेगणसिद्धीचे नाव घेताच पाणी आठवते. पारनेर तालुक्यातील या अवर्षणग्रस्त गावात 1975 नंतर नालाबांध, पाझर तलाव व श्रमदान यांच्या बळावर जे घडले, त्याचे मर्म केवळ बांधकामात नव्हते. सामुदायिक विहिरी काढून पाणी वाटून घ्यावयाचे, हा निर्णय अधिक मोलाचा होता. (गावाचा कारभार एका व्यक्तीच्या शब्दावर चालला, हा आक्षेपही विसरण्याजोगा नाही, वाचनालय तसे चालविता येणार नाही.) पाण्याला लागू झालेला हा न्याय ग्रंथांना मात्र अद्याप लागू झालेला नाही.

याचे कारण वाचकांच्या उदासीनतेत शोधणे सोयीचे असले तरी खरे नाही. मद्रासच्या 1948 च्या व म्हैसूरच्या 1965 च्या कायद्याने ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राने 1967 च्या अधिनियमात तो टाळून लोकांनी चालविलेल्या संस्थांना अनुदान देण्याचा मार्ग पत्करला. त्यामुळे गावोगावी वाचनालये उभी राहिली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु अनुदान 'अ' ते 'ड' या वर्गांनुसार मिळते आणि वर्ग ठरविताना संस्थेचे स्वतःचे ग्रंथ व सभासद मोजले जातात. शेजारच्या गावाला पुस्तक दिल्याने वर्ग वाढत नाही. ते हरवले तर तूट मात्र आपल्या दप्तरात पडते. मग कपाटाला कुलूप लावणे हेच शहाणपण ठरते. लहान वाचनालये त्याच कादंबऱ्या आणि तीच स्पर्धापरीक्षांची पुस्तके पुन्हापुन्हा घेतात. कूळकायद्यावरचा एखादा ग्रंथ पाच गावांत मिळून एकही नसतो.

बडोद्यात सयाजीरावांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि पुढे खेड्यापाड्यांत फिरत्या ग्रंथपेट्या पोहोचविल्या. एका संस्थानिकास जे सुचले, ते लोकनियुक्त शासनास अवघड का वाटावे? इन्फ्लिबनेटसारखी जाळी आहेत, पण ती मुख्यतः विद्यापीठे व महाविद्यालयांची. अहिल्यानगर जिल्ह्याला सहकार शिकवावा लागत नाही. प्रवरानगरचा कारखाना याच जिल्ह्यातला. मात्र उसाच्या सहकाराला पुढारी मिळतात, पुस्तकाच्या सहकाराला मिळत नाहीत.

तेव्हा आरंभ लहान असावा. राळेगणच्या परिसरातील चार-पाच वाचनालयांनी वर्षाची खरेदी होण्यापूर्वी एकत्र बसून संयुक्त यादी करावी व विषय वाटून घ्यावेत: एकाने शेती व पाणी, दुसऱ्याने कायदा, तिसऱ्याने बालवाङ्मय. दरमहा एक पेटी गावांतून फिरावी. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई सामायिक निधीतून व्हावी, म्हणजे ग्रंथपालाच्या तुटपुंज्या पगाराला हात लागणार नाही. पेटी कोणी न्यावी, यावरून भांडणे होतील. ती बैठकीत मिटवावीत, कोणा वजनदार माणसाच्या ओट्यावर नव्हे. आणि देवघेवीची नोंद वर्ग ठरविताना धरली जावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी वर्षभराच्या नोंदवह्यांसह ग्रंथालय संचालनालयाकडे न्यावी.