चिंतेला आकडा द्यावा



ख्रिस्ती श्रद्धेनं चिंतेवर मात कशी करावी, हा विषय मला दिला आहे. माझं म्हणणं एकच आहे. चिंतेला नाव द्या, आकडा द्या, आणि ती देवापुढं मोठ्यानं वाचा. मोघम चिंता मोघम प्रार्थनेनं जात नाही, फुगत जाते. ‘पाऊस’ ही चिंता नव्हे. ‘रोपं पंचवीस दिवसांची झाली, अजून चिखलणी नाही’ ही चिंता. (मागच्या रांगांतून ‘खरंय’.)

ख्रिस्ती श्रद्धा या भागाला नवी नाही; शेजारच्या नसरापुरात पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं ठाणं होतं, 1893 साली निघालेलं मिशन. ते तुम्ही घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं असेल, मी त्यात शिरत नाही. ‘उद्याची चिंता करू नका’ म्हणणारं डोंगरावरचं प्रवचनही तुम्हाला ठाऊक आहे. फक्त प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आठवा. तिच्यात भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसापुरती. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळायचा, तोही रोजचा रोज. उद्यासाठी लपवून ठेवला त्यात किडे पडले.

पंडिता रमाबाई कोण हे इथं सांगायला नको. त्यांच्यापुढचा हिशेब मात्र बघा. 1887 साली बोस्टनमध्ये त्यांच्या विधवांसाठीच्या कामाला मंडळ उभं राहिलं, मदतीचं वचन दहा वर्षांचं. ती मुदत सरत आली आणि नेमका तेव्हाच 1896-97 चा दुष्काळ पडला. या बाईनं कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. भूक काय असते ते तिला कुणी सांगायला नको होतं. मदत संपणार हे दिसत असताना त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. 1900 च्या सुमारास तिथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. इतक्या तोंडांची चिंता ‘देवा, सांभाळ’ एवढ्यावर भागत नाही. तिथं विहिरी खणाव्या लागतात, तेलाचा घाणा, माग, छापखाना चालवावा लागतो. श्रद्धेनं त्यांची चिंता पुसली नाही, कामाला लावली.

हे मी शिकले ते मात्र आईकडून. वडिलांचा पगार चार महिने थकला होता. रात्री जेवणं झाली की आई कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहायची. वाणी 62 रुपये. शाळेची फी 18. डॉक्टर 25. दूधवाला, घरभाडं, आजीचा चष्मा. मग गुडघे टेकून ते मोठ्यानं वाचायची. मी दहा वर्षांची. चाळीतली भिंत म्हणजे नुसतं पत्र्याचं पार्टिशन, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाचून झालं की ती दोन ओळींखाली रेघ मारायची. म्हणायची, “प्रभू, रेघेवरचं उद्याचं आहे, ते मी बघते. खालचं तुझ्याकडे.” आणि झोपायची. खरंच झोपायची, मी जागी राहून पाहिलंय.

एका सकाळी शेजारच्या काकू दारात. हातात चार खण. “वहिनी, एवढी पोलकी शिवून द्या, शिलाई आगाऊ देते.” पलीकडून त्यांनी सगळी यादी ऐकली होती. पुढं त्यांच्या ओळखीतून इतकं शिवण आलं की वाण्याची ओळ यादीतून गेली. मी आईला विचारलं, हे देवानं केलं की काकूंनी? ती म्हणाली, “भिंत पातळ दिली ती कुणी?” (टाळ्या.) अजून एक सांगते, त्या काकू रोज पहाटे हरिपाठ म्हणायच्या. आमची प्रार्थना त्यांना ऐकू जायची, त्यांचा हरिपाठ आम्हाला. कुणाला कुणाचा जाच झाला नाही. मी कुणाला कुठं ओढायला आले आहे असं दारात कुणी म्हणत होतं, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

तिकडून प्रश्न आलाय, मग औषधं सोडायची का? मुळीच नाही. माझी स्वतःची झोप गेली, छातीत धडधड, घास उतरेना, तेव्हा मी यादीत मानसोपचार डॉक्टरांची फीसुद्धा लिहिली. ती रेघेवर होती. अकरा महिने गोळ्या घेतल्या, प्रार्थना करून घेतल्या. श्रद्धा कमी पडली म्हणून माणूस आजारी पडतो असं कुणी तुम्हाला सांगत असेल, तर ते ऐकू नका. हे मी कळवळून सांगते आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. लक्ष्मीबाई टिळकांवर बोलायचं होतं. त्यांच्या यजमानांनी, नारायणरावांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर त्या बाईनं नवऱ्यावाचून जी वर्षं काढली त्यावर एक अख्खी संध्याकाळ लागेल. ते राहू दे. हा कागद तेवढा वाचते. आईच्या उशीखाली सापडला, दवाखान्यातला शेवटचा. रेघेवर एकच ओळ आहे: ‘सिस्टरचे आभार मानणे.’ खाली औषधांचं बिल, काकूंचा गुडघा, आणि सगळ्यांत शेवटी माझं नाव.