बर्फाच्या पोटांतील अव्यवस्था

पेल्यांतील पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतो, यांत कोणास नवल वाटत नाहीं. वस्तुतः हें नवलच आहे. बहुतेक पदार्थ गोठले म्हणजे आकसतात. पाणी मात्र गोठतांना फुगतें. याचें कारण बर्फाच्या बांधणींत आहे, आणि त्याच बांधणीनें एकदां शास्त्रज्ञांना मोठ्या पेचांत टाकलें होतें.

पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजनचा एक व हायड्रोजनचे दोन अणु असतात. बर्फांत प्रत्येक ऑक्सिजनला चारच शेजारी लाभतात, आणि दर दोन शेजाऱ्यांना एक हायड्रोजन सांधतो. तो एकाचा स्वतःचा असून दुसऱ्याकडे ओढलेला असतो. या ओढीस हायड्रोजन-बंध म्हणतात. शेजारी थोडे म्हणून बांधणी पोकळ, आणि बांधणी पोकळ म्हणून बर्फ हलका.

बर्नाल व फाउलर यांनीं १९३३ सालीं या बांधणीचे नियम मांडले. प्रत्येक ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन असावे, व प्रत्येक बंधावर एकच असावा. परंतु हे नियम पाळूनहि हायड्रोजन असंख्य रीतींनीं मांडतां येतात. मग खऱ्या बर्फांत यांपैकीं कोणती मांडणी असते?

पेच येथेंच होता. पदार्थांतील अव्यवस्थेच्या मापास एंट्रॉपी म्हणतात. पाण्याच्या वाफेची एंट्रॉपी दोन वाटांनीं काढतां येते: वाफेच्या वर्णपटावरून गणित करून, किंवा अतिशीत बर्फास पायरीपायरीनें ऊब देऊन व दर पायरीस लागलेली उष्णता मोजून. दुसऱ्या वाटेंत असें गृहीत धरावें लागतें कीं, निरपेक्ष शून्यावर, म्हणजे उणें २७३ अंशांवर, स्फटिकांत अव्यवस्था मुळींच उरत नाहीं. हा उष्णताशास्त्राचा तिसरा नियम होय. पण दोन्ही उत्तरें जुळत ना. उपकरण चुकलें, कीं नियमच खोटा?

श्रोतेहो, याचें उत्तर कॅलिफोर्नियांत लायनस पॉलिंग यांनीं १९३५ सालीं जवळजवळ शाळकरी अंकगणितानें दिलें. चार दिशांपैकीं दोन निवडण्याच्या रीती सहा. निवडलेली दिशा शेजाऱ्यानें मोकळी ठेवली असण्याचा संभव अर्धा. दोन्ही दिशा मिळून पाव. सहाचा पाव दीड. म्हणजे दर रेणूगणिक मांडण्यांची संख्या दीडपट होत जाते. तेव्हां निरपेक्ष शून्यावरहि अठरा ग्रॅम बर्फांत दर अंशास ०.८०५ कॅलरी एवढी एंट्रॉपी उरली पाहिजे.

पुढच्याच वर्षीं बर्कली येथील जिओक व स्टाउट यांनीं उणें २५८ अंशांपासून बर्फास लागणारी उष्णता बारकाईनें मोजली. वर्णपटाचें उत्तर ४५.१०, मोजणीचें ४४.२८. तूट ०.८२! ती चूक नव्हती. बर्फांत थिजून राहिलेली अव्यवस्था होती. १९४९ सालीं अमेरिकेंत जड पाण्याच्या बर्फावर न्यूट्रॉन सोडून पाहिलें, तेव्हां प्रत्येक बंधावर हायड्रोजनच्या दोन जागा, व प्रत्येक जागा सरासरीनें अर्धी भरलेली, असें आढळलें.

तिसरा नियमहि खोटा ठरला नाहीं. कडक थंडींत हायड्रोजनांना जागा बदलण्यास वाव उरत नाहीं, एवढेंच. १९८२ सालीं जपानांत बर्फांत किंचित् पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तो वाव देण्यांत आला, तेव्हां उणें २०१ अंशांवर पुष्कळसे हायड्रोजन शिस्तीनें रांगेस लागले.

हिशेबांतील ती चिमूटभर तूट कोणीं क्षुल्लक म्हणून झाडून टाकली असती, तर बर्फाचें हें अंतरंग तिच्या वाटेनें कधींच उघडलें नसतें.